डुकरांचे जंत : औषध पोटाला, इलाज जमिनीला



भंडारा जिल्हा म्हटले की धान आणि तलाव डोळ्यांपुढे येतात. जिथे धान तिथे गिरणी, आणि जिथे गिरणी तिथे कोंडा व कणी. कोंडा, कणी, घरातले उरलेसुरले अन्न आणि बाजारातला टाकाऊ भाजीपाला एवढ्यावर जे जनावर मांस तयार करते ते म्हणजे डुक्कर. डुकरीण पावणेचार महिन्यांत विते. एका वेतात आठ-दहा पिल्ले देते. ती पिल्ले नीट वाढली तर लहानशा घरालाही वर्षाला दोनदा हातात पैसा दिसतो.

पण पुष्कळ घरी हा हिशेब शेवटी चुकतो. पिल्ले आठ होतात. विकायच्या वेळी त्यांतली तीन भरलेली असतात, तीन मध्यम असतात आणि दोन नुसती पोट सुटलेली, पाठीचे हाड दिसणारी, केस उभे राहिलेली. कोंडा सर्वांनी एकाच गव्हाणीत खाल्ला. मग वजन गेले कुठे? घरधनी म्हणतो, बीज चांगले नव्हते. घरधनीण म्हणते, नजर लागली. खरे म्हणजे त्या दोन पिल्लांच्या पोटात दुसरेच कोणी जेवत होते. त्याचे नाव गोल जंत. या जंताची ओळख करून घ्यावी आणि त्याला हटवण्याची रीत समजून घ्यावी, म्हणून हा लेख.

जंत दिसतो कसा?

डुकराच्या लहान आतड्यात राहणारा हा जंत पांढरट-गुलाबी, गोल आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो. मादी एक वीतभर ते हातभर लांब व पेन्सिलीसारखी जाड होते. नर आखूड असतो आणि त्याची शेपटी वळलेली असते. आतड्याला चिकटून रक्त पिणारा हा जंत नव्हे. तो आतड्यातले पचत आलेले अन्नच खातो. तुम्ही घातलेल्या कोंड्यातला सकस भाग आधी तो घेतो आणि उरेल ते डुकराला मिळते.

एक मादी दिवसाला दोन लाखांहून अधिक अंडी घालते. एका पिल्लाच्या पोटात अशा दहा माद्या असल्या तर रोज वीस लाख अंडी विष्ठेतून तुमच्या कोठ्यात पडतात. अंडे इतके बारीक की डोळ्यांनी दिसत नाही. त्याच्यावर चिकट, खडबडीत आवरण असते. त्यामुळे ते डुकरिणीच्या आचळांना, गव्हाणीच्या लाकडाला, फावड्याला, आपल्या चपलेला आणि नखांना सहज चिकटून राहते.

यकृतातून फुप्फुसात, फुप्फुसातून परत पोटात

नुकतेच पडलेले अंडे लगेच रोग देत नाही. त्याच्या आत अळी तयार व्हायला ऊब, ओल आणि हवा लागते. उबदार दमट दिवसांत हे काम साधारण तीन ते चार आठवड्यांत पुरे होते, ऐन उकाड्यात थोडे आधीही होते. मृग लागल्यापासून आश्विनापर्यंत आपल्या जिल्ह्यात ऊबही असते आणि ओलही असते. जे हवामान धानाला मानवते तेच या अंड्यालाही मानवते.

अळी भरलेले अंडे पिल्लाने चिखलातून किंवा आईच्या मळक्या आचळावरून गिळले की अळी आतड्यात बाहेर पडते. मग ती तिथेच थांबत नाही. ती आतड्याच्या भिंतीतून निघून यकृतात जाते आणि सुमारे आठवड्यात रक्ताबरोबर फुप्फुसात पोहोचते. तिथून श्वासनळीने घशापर्यंत चढते. पिल्लू खोकते आणि ती अळी पुन्हा गिळते. अशी दोन आठवड्यांच्या आत ती परत आतड्यात येते आणि तिथे वाढते. अंडे गिळल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत ती स्वतः अंडी घालू लागते. हा सहा ते आठ आठवड्यांचा आकडा लक्षात ठेवा. पुढचा सारा इलाज त्याच्यावर उभा आहे.

जंताचा हा फेरा माणसाला फार उशिरा कळला. भारतीय वैद्यकीय सेवेतले एक डॉक्टर, स्ट्यूअर्ट, यांनी १९१६ साली हाँगकाँगमध्ये उंदरांना जंताची अंडी चारली. अळ्या पोटात सापडतील असे वाटत होते, त्या सापडल्या फुप्फुसात. पुढे १९२२ साली जपानमधल्या कोइनो नावाच्या डॉक्टरांनी माणसाच्या जंताची २,००० अंडी स्वतः गिळली. काही दिवसांतच त्यांना न्यूमोनियासारखा आजार झाला, आणि त्यांच्या बेडक्यात अळ्या दिसल्या. यावरून एक गोष्ट पक्की झाली : पोटात मोठे जंत दिसण्याच्या कितीतरी आधी हा रोग फुप्फुसात असतो.

रोग कसा ओळखावा?

लहान पिल्ले धाप लागल्यासारखी श्वास घेतात आणि पोटाचे झटके देत खोकतात. थंडी-पाऊस म्हणून आपण तिकडे दुर्लक्ष करतो. पण एका वेतातली बरीच पिल्ले एकदम खोकू लागली तर जंताच्या अळ्यांचा संशय घ्यावा.

थोड्या मोठ्या पिल्लांत पोट सुटते, अंग मात्र वाळते. केस राठ व उभे राहतात. खाणे असते, पण वजन येत नाही. एकाच वेताची पिल्ले लहान-मोठी दिसू लागतात. कधी विष्ठेत किंवा उलटीत जंत पडतो. जंतांचा गोळा होऊन आतडे तुंबले तर पिल्लू अचानक मरते. एखादा जंत पित्ताच्या नळीत शिरला तर डोळे व कातडी पिवळी पडते.

आणखी एक साधी परीक्षा आहे. आपले डुक्कर कापले गेले तर त्याचे यकृत पाहायला मागा. त्यावर दुधाचे थेंब सांडावेत तसे पांढरट चट्टे असले तर समजावे की गेल्या महिना-दीड महिन्यात त्याने अळीची अंडी गिळली होती. हे चट्टे पुढे भरून येतात. म्हणून ते जुन्या रोगाचे नव्हे, तर तुमच्या कोठ्याच्या आजच्या अवस्थेचे दाखले आहेत. मेलेल्या पिल्लाचीही पशुवैद्यकांकडून तपासणी करून घ्यावी. विष्ठेचा ताजा नमुना स्वच्छ डबीत घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावा. सूक्ष्मदर्शकाखाली अंडी लगेच ओळखू येतात. अवघड प्रकरण असेल तर नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहे. ते १९५८ पासून हे काम करीत आले आहे.

एक सावधगिरी बाळगावी. डुकरांना जोराचा ताप आहे, कानांवर-पोटावर लाल-निळे डाग आहेत आणि मोठी जनावरेही भराभर मरत आहेत, तर तो जंत नव्हे. तो डुकरांचा ज्वर असू शकतो. २०२० पासून आपल्या देशात आफ्रिकी डुक्कर ज्वरही आला आहे, आणि त्यावर औषध नाही. अशा वेळी जनावरे बाजारात न नेता, मांस न विकता तत्काळ पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवावे.

नुसत्या औषधाने का भागत नाही?

इथेच बहुतेकांची गफलत होते. पिल्ले खंगली की आपण दुकानातून औषध आणतो. दुसऱ्या दिवशी जंत पडतात, पिल्ले बरी दिसतात, आपण निश्चिंत होतो. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मग म्हणतो, औषध नकली होते.

औषध नकली नव्हते. औषधाने पोटातले जंत मारले. पण गेल्या सहा महिन्यांत पडलेली कोट्यवधी अंडी कोठ्याच्या मातीत होती, ती तशीच राहिली. डुक्कर नाकाने माती उकरणारे जनावर. औषध घेतल्याच्या संध्याकाळीच त्याने पुन्हा अंडी गिळली. ही अंडी ओलसर सावलीच्या मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. फिनाईल शिंपडून ती मरत नाहीत. ती मरतात उकळत्या पाण्याने, तापलेल्या खताच्या ढिगात आणि कडक कोरड्या उन्हात.

म्हणून लक्षात ठेवा : जंत डुकराच्या पोटात काही महिने राहतो, पण कोठ्याच्या जमिनीत वर्षे काढतो. औषध पोटाला द्यावे, इलाज जमिनीचा करावा.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मॅक्लीन म्हणून एक मक्याचा परगणा आहे. तिथल्या शेतकऱ्यांची पिल्ले याच जंताने खुंटत होती. १९१९ च्या सुमारास रॅन्सम नावाच्या शास्त्रज्ञांनी तिथे एक रीत बसवून दिली. आजच्यासारखी औषधे तेव्हा नव्हती. रीत चार गोष्टींची होती. विण्याची जागा उकळत्या पाण्याने घासून धुवायची. डुकरिणीचे आचळ साबणाने धुऊन मगच तिला आत घ्यायचे. पिल्ले दहा-पंधरा दिवसांची झाली की आईसह त्यांना नव्या, स्वच्छ रानात न्यायचे, आणि तेही चालवत नव्हे, गाडीत घालून. वाटेतल्या जुन्या चिखलात एकदा तोंड घातले तरी सारी मेहनत वाया जाते. आणि चार महिन्यांची होईपर्यंत त्यांना जुन्या जागी येऊ द्यायचे नाही. एवढ्याने पिल्ले सारखी वाढू लागली. शंभर वर्षे झाली, औषधे कितीतरी सुधारली, पण ही रीत खोटी ठरलेली नाही.

आपल्या घरी ही रीत कशी बसवावी?

पहिली गोष्ट, विष्ठा रोज उचला. ताज्या अंड्याला अळी धरायला तीन-चार आठवडे लागतात. विष्ठा रोज उचलली तर तयार होण्याआधीच बहुतेक अंडी कोठ्याबाहेर जातात. रोज जमले नाही तर निदान आठवड्याला कोठा पुरता साफ व्हावाच. जमेल त्याने विटांची किंवा फरशीची उताराची जमीन करून घ्यावी. मातीच्या जमिनीपेक्षा ती धुता येते आणि वाळते.

दुसरी गोष्ट, विण्याची जागा वेगळी करा. डुकरीण विण्याच्या चार-पाच दिवस आधी तो कोपरा खरडून, धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने घासावा. मग वरून खळखळते पाणी ओतावे आणि वाळू द्यावे. खाली कोरडी, स्वच्छ तणस घालावी. डुकरिणीचे अंग, विशेषतः पोट व आचळ, कोमट पाण्याने व साबणाने धुवावे. पिल्लाचा जगातला पहिला घोट आचळाचा असतो. तो स्वच्छ असावा.

तिसरी गोष्ट, दोन आवारे ठेवा. जागा मोठी लागत नाही. तट्ट्याने किंवा जाळीने एकाच जागेचे दोन भाग करावेत. एका भागात डुकरे असताना दुसरा रिकामा ठेवावा. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. ते ऊन फुकटचे औषध आहे. रिकाम्या आवारातली वरची माती चार बोटे खरडून काढावी, झाडाची सावली पडत असेल तर फांद्या छाटाव्यात आणि जमीन तापू द्यावी. वरच्या थरातली पुष्कळ अंडी मरतात. खोल गेलेली मरत नाहीत, म्हणून हे काम दरवर्षी करावे. पाणवठ्याजवळची, सदा ओली राहणारी जागा डुकरांना कधीच देऊ नये.

चौथी गोष्ट, गव्हाण आणि पाणी उंच ठेवा. कोंडा जमिनीवर ओतू नये. डुकराला पाय घालता येणार नाही अशी गव्हाण करावी व ती रोज धुवावी.

पाचवी गोष्ट, नवे जनावर सरळ कळपात घालू नका. बाजारातून आणलेल्या डुकराला औषध द्यावे आणि निदान तीन आठवडे वेगळे बांधावे. तेवढ्यात दुसरे रोगही दिसून येतात.

औषध केव्हा आणि किती?

औषध पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच द्यावे. तरी काही गोष्टी आपल्यालाही ठाऊक असाव्यात.

आज दोन औषधे जास्त वापरात आहेत. फेनबेंडाझोल खाण्यातून देतात. त्याची मात्रा वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅम, म्हणजे १५० मिलिग्रॅमची एक गोळी ३० किलोच्या डुकराला. दुसरे आयव्हरमेक्टिन. त्याचे १ टक्क्याचे इंजेक्शन कानामागे मानेच्या कातडीखाली देतात, ३३ किलो वजनाला १ मिलिलिटर. त्याने खरूजही जाते. आयव्हरमेक्टिन शोधण्यात वाटा असलेल्या कॅम्पबेल आणि ओमुरा या दोघा शास्त्रज्ञांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गाभण डुकरिणीला सुरुवातीच्या काळात अल्बेंडाझोल देऊ नये.

मात्रा नेहमी वजनावर ठरते. अंदाजाने कमी दिले तर जंत मरत नाहीत आणि पुढे औषधाला दाद देईनासे होतात. पिल्लाला बारदान्यात घालून धानाच्या काट्यावर तोलता येते. मोठ्या डुकराला दोरी पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर मोजा, मग दोन कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी मोजा, दोन्ही मीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि येईल त्याला ६९ ने गुणा. घेर ०.८० मीटर व लांबी ०.९० मीटर असेल तर वजन सुमारे ४० किलो भरते. त्याला आयव्हरमेक्टिन १.२ मिलिलिटर लागेल.

आता वेळापत्रक पाहा :

- गाभण डुकरीण : विण्याच्या एक ते दोन आठवडे आधी एक मात्रा.
- पिल्ले : सहा ते आठ आठवड्यांची झाली, दूध तोडले, की पहिली मात्रा.
- त्यानंतर : विकेपर्यंत पाच-सहा आठवड्यांच्या अंतराने पुन्हा.
- नर : वर्षातून दोनदा, त्यांतली एक मात्रा मृगाच्या आधी.
- औषध दिल्यावर : पुढचे तीन-चार दिवस पडणारी सारी विष्ठा आणि जंत उचलून खड्ड्यात पुरावेत.

पाच-सहा आठवड्यांचेच अंतर का, तर मघाचा आकडा आठवा. जंताला अंडी घालायला सहा ते आठ आठवडे लागतात. त्याआधी औषध पडले तर तो अंडी न घालताच मरतो, आणि तुमच्या जमिनीत नवी भर पडत नाही. असे दोन-तीन वेते सांभाळले की जमीन हळूहळू स्वच्छ होते आणि औषधाचा खर्चही कमी होतो.

औषध दिल्यावर काही दिवस डुक्कर कापू नये. किती दिवस ते बाटलीवर लिहिलेले असते. आयव्हरमेक्टिनला सुमारे चार आठवडे थांबणे बरे.

खत वाया जाऊ देऊ नका, पण कच्चे वापरू नका

डुकराचे खत कसदार असते. ते तणशीत मिसळून कमरेएवढा ढीग लावावा, थोडा ओलावा ठेवावा आणि वरून माती लिंपावी. ढिगात हात घालवत नाही इतकी ऊब आली पाहिजे. त्या उष्णतेने अंडी मरतात. पण कडेला ऊब पोहोचत नाही. म्हणून महिन्याच्या अंतराने दोन-तीनदा ढीग उलटा करून कडेचे आत घालावे. पुरते कुजलेले खत धानाच्या बांध्यांना द्यावे. वाडीतल्या मुळा, पालक, सांबार अशा कच्च्या खाण्याच्या भाज्यांना ते मुळीच घालू नये.

लेकरांची काळजी

गृहिणींनी हा भाग आवर्जून वाचावा. डुकराचा जंत आणि माणसाचा जंत हे अगदी जवळचे नातेवाईक आहेत, आणि डुकराच्या जंताची अंडी पोटात गेली तर माणसालाही जंत होतो. कोठ्याजवळ खेळणारे, माती तोंडात घालणारे लेकरू सर्वांत आधी सापडते. कोठ्यात काम करून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवावेत. मुलांची नखे काढलेली असावीत. भाजी वाहत्या पाण्यात तीन-चारदा धुवावी. शाळेत आणि अंगणवाडीत जंतनाशक दिनी मिळणारी गोळी मुलांना चुकवू देऊ नये.

डुकरे गावभर मोकळी सोडणेही थांबवले पाहिजे. मोकळे डुक्कर माणसाची विष्ठा खाते आणि त्यातून पट्टकृमी नावाचा वेगळाच जंत त्याच्या मांसात शिरतो. मांसात तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे फोड दिसले तर ते मांस खाऊ नये, विकू नये. या पट्टकृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली तर ती मेंदूपर्यंत पोहोचतात आणि झटके येतात. घरोघरी संडासाचा वापर, डुकरे कोठ्यात आणि मांस पुरते शिजवलेले, हे तीन नियम पाळले तर हा धोका टळतो.

बंधुभगिनींनो, यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. खराटा, फावडे, उकळते पाणी, वैशाखाचे ऊन आणि भिंतीवर खडूने लिहिलेली तारीख एवढे पुरते. पुढच्या वेताच्या आधी विण्याचा कोपरा घासून ठेवा आणि औषधाची तारीख भिंतीवर मांडा. मग दूध तोडताना आठही पिल्ले बारदान्यात घालून तोला. आकडे एकमेकांच्या जवळ आले तर समजा, तुमची जमीन सुधारू लागली.